विसाजी साळिंदराचा कोरा खडू

एका जंगलात, बाळांनो, स्नूकरचं एक टेबल होतं. तोंडं वाकडी करू नका. जंगलात सिंह दरबार भरवतो हे तुम्हाला चालतं, मग टेबलानंच काय घोडं मारलंय?

फार वर्षांपूर्वी एक साहेब तिथे शिकारीला यायचा. त्यानं ओढ्याकाठी बंगला बांधला, बंगल्यात टेबल आणवलं, आणि एक दिवस सगळं तिथेच टाकून निघून गेला. मग प्राणी आत शिरले. सशांनी टेबलावरचं हिरवं कापड गवत समजून चाटून पाहिलं. माकडांनी रंगीत चेंडू फळं समजून चावून पाहिले. दात दुखायला लागले तेव्हा सगळे खेळ शिकले.

या जंगलातल्या ओढ्याला दोन तीर होते. अलीकडे राहायचे ते अलीकडचे, पलीकडे राहायचे ते पलीकडचे. उन्हाळ्यात ओढा आटायचा आणि एकच डोह उरायचा. सकाळी डोहाचं पाणी अगदी नितळ असायचं. ऊन तापलं की गवे येऊन डोहात बसायचे, लोळायचे, आणि नको ते सगळं तिथेच करायचे. त्यानंतरचं पाणी प्यायला पोटात दगड हवा.

तेव्हा सकाळी पाणी कोणी प्यायचं आणि दुपारी कोणी, हे ठरवायला दर चैत्रात एक सामना व्हायचा. अलीकडचा एक खेळाडू, पलीकडचा एक खेळाडू. जो जिंकेल त्याच्या तीराला उन्हाळाभर सकाळचं पाणी.

दोन्ही तीरांनी सकाळीच आळीपाळीनं का पिऊ नये, असं तुम्ही विचाराल. तुम्ही लहान आहात. जंगलातल्या मोठ्या प्राण्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

गेल्या वर्षी अलीकडचे हरले होते. विसाजी साळिंदराची धाकटी लेक बकुळा दुपारचं पाणी पिऊन महिनाभर पोट धरून पडली होती. तिचे कोवळे काटे एकेक करून गळाले. विसाजी रोज ते गोळा करायचा आणि बिळाच्या कोपऱ्यात ठेवायचा. एकदा तिच्या कपाळावर हात ठेवून तो म्हणाला, "बकुळे, पुढच्या उन्हाळ्यात मी खेळणार. तुला सकाळचं पाणी पाजतो की नाही बघ."

ही थाप नव्हती. विसाजीचा हात खरोखर चांगला होता. तो रोज पहाटे बंगल्यात जायचा, ओळीनं लाल चेंडू मांडायचा आणि ओळीनं ते टेबलाच्या कडेच्या खिशांत पाडायचा. अलीकडच्या तीराचा म्होरक्या मेरुबा सांबर यानं खिडकीतून ते पाहिलं आणि ठरवून टाकलं की या वर्षी विसाजीच.

आता खडूचं सांगतो. लक्ष द्या, कारण पुढे सगळं त्यावरच आहे.

स्नूकरच्या काठीच्या टोकाला चामड्याची टिकली असते. खेळून खेळून ती गुळगुळीत होते. गुळगुळीत टिकली चेंडूवरून सटकते. म्हणून फटका मारण्याआधी टिकलीला खडू घासायचा. एवढंच. साहेबाच्या खणात असे खडू पडलेले होते आणि ज्याला जो मिळाला तो त्यानं घेतला होता. विसाजीकडे एक हिरवा तुकडा होता. घासून घासून त्याला मधोमध उखळासारखा खड्डा पडला होता. विसाजी तो कानामागे खोचायचा, प्रत्येक फटक्याआधी दोनदा घासायचा आणि खेळायचा. त्या खडूचा त्यानं कधी विचार केला नव्हता.

विचार करायला लावणारे भेटायला वेळ लागत नाही. सामन्याला महिना उरला असताना बगळे सर आले.

बगळे सर खडूतज्ज्ञ होते. दूरच्या शहरातल्या क्लबाच्या छपरावर ते दोन पावसाळे बसून आले होते. त्यांनी स्वतः कधी काठी हातात धरली नव्हती, कारण त्यांना हातच नव्हते. पण त्यामुळे त्यांचं मत नि:पक्षपाती आहे, असं ते स्वतःच सांगायचे.

ते एका पायावर उभे राहिले आणि विसाजीचा खेळ बघू लागले. विसाजीनं सात चेंडू लागोपाठ पाडले. बगळे सरांनी मान हलवली.

"छान," ते म्हणाले. "पण खडू कुठला वापरता?"

"हा," विसाजीनं कानामागचा तुकडा काढून दाखवला.

बगळे सरांनी डोळे मिटले. एखाद्याच्या घरी चहात माशी दिसल्यावर आपण मिटतो, तसे. "निवडून घेतलाय, की मिळाला म्हणून घेतलाय?"

"मिळाला म्हणून."

"तरीच," बगळे सर म्हणाले.

बाळांनो, या 'तरीच'पासून सांभाळून राहा. विसाजीनं सात चेंडू पाडले होते, एकही चुकवला नव्हता, आणि तरी त्या एका शब्दानं त्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. त्याच्या पाठीवरचे काटे हळूहळू उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बगळे सरांनी अलीकडच्या तीराला व्याख्यान दिलं. विषय होता, योग्य खडूची निवड. खडू कोरडा असतो, भुरभुरीत असतो, चिकट असतो. काही खडू तापट खेळाडूला चालतात, काही थंड खेळाडूला. काही खडू पूर्वेकडे तोंड करून लावावे लागतात. मेरुबा सांबर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता. त्याला काही कळत नव्हतं, पण शिंगं मोठी असल्यामुळे मान डोलवली की ती सगळ्यांना दिसायची. मग सगळेच डोलवायला लागले.

व्याख्यानानंतर खडू निवड समिती नेमली गेली. मेरुबा अध्यक्ष. बगळे सर मार्गदर्शक. विसाजीला समितीत घेतलं नाही, कारण तो खेळाडू होता.

समितीनं खण उपसून उरलेसुरले चौदा खडू गोळा केले. ते हुंगून पाहिले. जिभेला लावून पाहिले. एक खडू कानाशी धरून ऐकून पाहिला. मग बगळे सर म्हणाले, "गुण जुळवल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही." म्हणून विसाजीच्या काठीची पत्रिका मांडली. काठी कुठल्या झाडाची, झाड कुठल्या रानातलं, तोडलं तेव्हा चंद्र कुठे होता. एकेका खडूची पत्रिका काढून काठीशी ताडून पाहिली. बारा खडूंना नाडीदोष निघाला. तेराव्याचे अठराच गुण जमले. अठरा चालतात, पण मेरुबा म्हणाला, "आपल्या तीराचा प्रश्न आहे. अठरावर नको भागवायला."

चौदावा खडू निळा होता. त्याच्यावरचा चंदेरी कागदसुद्धा निघाला नव्हता. त्याचे बत्तीस गुण जमले.

या सगळ्यात तीन आठवडे गेले. विसाजी रोज समितीसमोर काठी घेऊन हजर राहायचा, कारण पत्रिकेला काठी लागायची. पहाटेचा सराव बंद पडला. पण हात मुरलेला होता, तो काही तीन आठवड्यांत जाणार नव्हता.

"आता तो जुना तुकडा टाकून द्या," बगळे सर म्हणाले. "दोन खडूंची पूड एकाच टिकलीवर आली तर मोठा दोष लागतो."

विसाजीनं कानामागचा हिरवा तुकडा काढला. क्षणभर तळहातावर धरला. मग ओढ्याकाठी जाऊन जोरात भिरकावला. तो पलीकडच्या वाळूत कुठेतरी जाऊन पडला.

निळा खडू विसाजीच्या बिळातल्या कोनाड्यात ठेवला गेला. चंदेरी कागद काढायचा मुहूर्त बगळे सरांनी दिला होता, त्या मुहूर्तावर तो काढला. आत खडू असा काही निघाला म्हणता! चारी कडा धारदार, चारी कोपरे टोकदार, आणि वरचा चेहरा सपाट, निळाशार. अलीकडच्या तीरानं इतकी कोरी वस्तू आजवर पाहिली नव्हती. तिथलं सगळं चावलेलं, कुरतडलेलं नाहीतर कोणीतरी आधी चाटलेलं असायचं.

लोक बघायला यायला लागले. आधी शेजारचे ससे आले, मग भेकरं आली, मग वरच्या टेकडीवरचे मोर सहकुटुंब आले. बिळाबाहेर रांग लागायची. आजीबाई पिल्लांना उचलून दाखवायच्या, "तो बघ आपला खडू." पलीकडच्यांकडे असं काही नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

विसाजीची बायको गोदा ही रांग बघून वैतागली. चूल पेटवायला जागा उरली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "जरा लावून तरी बघा ना काठीला. नीट बसतोय की नाही ते कळेल."

"आत्ता?" विसाजी दचकला. "सामन्याच्या आधीच वापरायचा?"

"मग काय झालं?"

"कोपरा झिजेल."

"झिजू दे की. खडू आहे तो."

विसाजीनं कोनाड्यापुढे एक पान आडवं लावलं, वाऱ्यानं पूड उडू नये म्हणून.

सामन्याच्या आदल्या दिवशी मेरुबा सांबर स्वतः आला. त्यानं खडूकडे बघून मान लववली आणि विसाजीला बाजूला घेतलं.

"विसाजी, जोरात खेळ. आपण जिंकणारच," तो म्हणाला. "फक्त खडूचं जरा सांभाळून. घासायचा म्हणजे अगदी रगडायचा नाही. पुढच्या वर्षी लागेल, त्याच्या पुढच्या वर्षी लागेल. आपल्या पोराबाळांना दाखवायला लागेल."

"होय, मेरुबा," विसाजी म्हणाला.

अशी चूक फक्त आपल्यासारख्यांनाच जमते, बाळांनो. तुमच्या घरी कपाटात एक चहाचा संच आहे ना? पाहुणे आले की काढू म्हणून ठेवलेला? पाहुणे किती वेळा आले, आणि त्यांनी चहा कशातून प्यायला, ते आईला विचारा.

सामन्याचा दिवस उजाडला. बंगल्याच्या खिडक्यांत प्राणी दाटीवाटीनं बसले होते. एका बाजूला अलीकडचे, दुसऱ्या बाजूला पलीकडचे. पंच म्हणून एक म्हातारं कासव होतं. ते चेंडू जागेवर ठेवायला अर्धा तास घ्यायचं, पण निर्णय कधी चुकवायचं नाही.

पलीकडच्यांकडून कोंडाबाई रानडुकरीण खेळणार होती. कोंडाबाई पोक्त होती, जाड होती आणि घाईत नसायची. ती आत आली, विसाजीला बघून म्हणाली, "काय विसाजी, बकुळा कशी आहे? बरे झाले का काटे?"

"आले आहेत आता," विसाजी म्हणाला. त्याला बरं वाटलं.

खेळ सुरू झाला. विसाजीनं अंजिराच्या पानात गुंडाळलेला निळा खडू बाहेर काढला. खिडकीत 'आहाहा' झालं. त्यानं काठीचं टोक खडूजवळ नेलं. तेवढ्यात ऊन खडूच्या कोपऱ्यावर पडलं आणि कोपरा चमकला.

त्याचा हात थांबला. आपण दोन बोटं अंतर ठेवून अत्तराच्या बाटलीचा वास घेतो, तशी त्यानं खडूभोवती हवेतच टिकली फिरवली, वरून एक फुंकर मारली, आणि खडू परत पानात ठेवला. अलीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मोठे खेळाडू असाच लावत असतील.

टिकली गुळगुळीत होती. पण विसाजीचा हात चांगला होता. स्नूकरमध्ये काठी फक्त पांढऱ्या चेंडूला मारायची आणि त्याच्या धक्क्यानं बाकीचे पाडायचे. विसाजीनं सगळे फटके पांढऱ्याच्या अगदी मधोमध मारले. मधोमध मारलं तर टिकली सटकत नाही. असं करत करत त्यानं चेंडूंमागून चेंडू पाडले. कोंडाबाईनंही पाडले. ती दर फटक्याआधी कानामागून एक तुकडा काढायची, मिश्री लावावी तशी तो टिकलीला निवांत घासायची, आणि मगच वाकायची.

दुपार झाली. टेबलावर दोनच चेंडू राहिले, पांढरा आणि काळा. गुण असे होते की काळा जो पाडेल तो जिंकेल. पाळी विसाजीची होती.

काळा कोपऱ्यातल्या खिशाच्या तोंडाशी होता. पांढरा त्याच्या सरळ रेषेत. बकुळानंसुद्धा पाडला असता. अडचण एकच होती. मधोमध मारलं तर काळ्याच्या मागोमाग पांढराही खिशात जाणार होता, आणि पांढरा गेला की सामना गेला. पांढऱ्याला खालून टोचायला हवं होतं, म्हणजे तो काळ्याला ढकलून जागीच थांबला असता. विसाजीनं हा फटका पहाटे हजार वेळा मारला होता. हजारही वेळा टिकलीला खडू होता.

"अहो, खडू लावा!" खिडकीतून गोदा ओरडली. तिच्या कडेवर बकुळा होती. बकुळा काठीकडे बघत नव्हती. ती बाबांकडे बघत होती.

विसाजीनं पान उघडलं. मेरुबा सांबरानं डोळे मिटून घेतले, आपल्यासमोर कोणी आपला दात उपटणार असल्यासारखे. सशांच्या आजीबाईंनी पदर तोंडाला लावला. खडू कोरा होता. नुसता कोरा.

कोंडाबाई टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ आली. "तुझा जपायचा असेल तर हा घे," ती हळूच म्हणाली आणि तिनं कानामागचा तुकडा पुढे केला. तो हिरवा होता. त्याला मधोमध उखळासारखा खड्डा होता. "परवा वाळूत मुळं उकरताना सापडला. चांगला आहे बघ. तुझ्याच तीरावरनं आला असेल."

विसाजीनं तो ओळखला. त्याची बोटं आपसूक पुढे गेली. त्या खड्ड्यात टिकली कशी बसते ते त्याच्या हाताला पाठ होतं.

"दोष!" खिडकीच्या चौकटीवरून बगळे सर म्हणाले. "दोन खडूंची पूड!"

आता टिकलीवर मुळात एकाही खडूची पूड नव्हती. हे साऱ्या जंगलात एकट्या विसाजीला माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे महिनाभराचं हवेतलं मखर खाली आलं असतं. त्यानं बोटं मागे घेतली.

"नको, कोंडाबाई," तो म्हणाला. "आमचा आहे."

आणि त्यानं निळ्या खडूभोवती हवेत टिकली फिरवली, फुंकर मारली, खडू पानात गुंडाळला, आणि वाकला.

टिकली पांढऱ्याच्या पोटाखालून सटकली. पांढरा चेंडू बेडकासारखा उडी मारून बाजूला गेला, काळ्याला जेमतेम शिवला आणि थांबला. काळा खिशाच्या तोंडाशीच राहिला.

कोंडाबाईनं हिरवा तुकडा दोनदा घासला. ती वाकली. काळा खिशात गेला आणि पांढरा जागच्या जागी उभा राहिला. कासवानं बराच वेळ घेऊन पलीकडचे जिंकले असं सांगितलं. पलीकडचे नाचले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांना तहान लागली होती. ते सरळ डोहाकडे गेले.

त्याच संध्याकाळी खडू निवड समितीची बैठक भरली. पराभवाची कारणं शोधायची होती. निळा खडू मधोमध ठेवून सगळ्या बाजूंनी तपासला. त्याला एक ओरखडासुद्धा नव्हता.

"म्हणजे खडूत दोष नव्हता," मेरुबा म्हणाला. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"निवड अचूकच होती," बगळे सर म्हणाले. "मला वाटतं, काठी निवडताना घाई झाली." मग पुढच्या वर्षासाठी काठी निवड समिती नेमली गेली. बगळे सरांनी मार्गदर्शक होण्याचं मान्य केलं आणि ते पलीकडच्या तीरावर पाणी प्यायला उडून गेले. बगळ्यांना कुठल्याही तीराचं पाणी चालतं.

विसाजीला कोणी बोल लावला नाही. उलट मेरुबानं त्याला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हरला असेल, पण इतक्या अटीतटीच्या वेळीसुद्धा यानं खडूला धक्का लागू दिला नाही. हा खरा आपला माणूस!" विसाजीला खडूचा कायमचा राखणदार नेमलं.

तो उन्हाळा फार कडक होता. रोज दुपारी गवे उठून गेले की अलीकडचे डोहावर उतरायचे आणि नाक दाबून पाणी प्यायचे. येताना विसाजीच्या बिळाशी थांबायचे. जिभा बाहेर आलेल्या, पाय लटपटणारे, पण रांग मोडायचे नाहीत. कोनाड्यातला खडू बघायचे आणि जरा ताठ होऊन घरी जायचे.

एका दुपारी विसाजीनं पानाच्या द्रोणातून गढूळ पाणी आणलं. तीनदा गाळलं, तरी ते चहासारखंच दिसत होतं. बकुळा पडून होती. त्यानं तिचं डोकं उचललं तेव्हा तिच्या मानेवरचा एक काटा त्याच्या हातात आला. गोदा तोंड फिरवून बसली होती. सामन्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

बकुळानं दोन घोट घेतले. मग कोनाड्याकडे बघत विचारलं, "बाबा, खडू कशासाठी असतो?"

विसाजीनं हातातल्या काट्याकडे बघितलं. बाहेर रांग होती. कोणीतरी म्हणालं, "जरा पान बाजूला करा ना, कोपरा दिसत नाही."

"जपायला, बाळा," विसाजी म्हणाला आणि पान बाजूला करायला उठला.

तात्पर्य: खडू नीट पारखून निवडावा, आणि एकदा निवडला की जिवापाड जपावा. जे वापरून झिजवतात, त्यांच्या हाती शेवटी काय राहतं? नुसतं पाणी.